शेतानं धरलेली जयवंता

लोणटेकात शेत जानरावचं होतं, बैल जानरावचे होते आणि कापूसही जानरावचाच होता. अमरावतीच्या बाजारात त्याची बंडी शिरली की दलाल लांबूनच म्हणायचे, "आला जानरावचा कापूस, दुधावानी पांढरा." जानराव त्या कापसाला बोंड फुटल्यापासून बंडी भरेपर्यंत बोटसुद्धा लावत नसे. हीही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. पण ती कुणी बोलत नसे, कारण एकदा बोलायला सुरुवात केली तर घरोघरचं बोलावं लागलं असतं.

बोट लावत असे त्याची बायको, जयवंता. मृगाआधी सरकी शेणामातीत घोळून, दाणा दाण्यापासून सुटा करून वाळवायची ती. तिफणीमागं ओटीत बी घेऊन चालायची ती. श्रावणभर वाकून निंदायची ती, आणि दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत वेचायची ती. जानराव बैल हाकायचा. बैल हाकणाऱ्याचं काम दिसतं, कारण पुढं दोन मोठी जनावरं चालत असतात. बैलांचा तर वर्षातून एकदा पोळा असतो, शिंगं रंगवतात, झूल घालतात, पुरणाचा घास देतात. बायांसाठी तसला सण वऱ्हाडात कुणाला सुचला नाही. पोळ्याचं पुरण मात्र त्याच वाटायच्या.

त्या वर्षांत वऱ्हाडात कापसाला सोन्याचे दिवस आले होते. सातासमुद्रांपलीकडं अमेरिका नावाच्या मुलखात घरचीच माणसं आपसात लढायला उठली होती आणि विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता. अमेरिका कुठं, असं कुणी विचारलं की जानराव अकोल्याच्या दिशेनं हात करून सांगायचा, "अकोल्याच्याई पुढं." पारावर बसलेली माणसं मान हलवायची. त्या लढाईवर लोणटेकच्या पाराचा मोठा जीव जडला होता. ती लवकर मिटू नये म्हणून दोघातिघांनी तर मारुतीला नारळही बोलला होता.

त्याच सुमारास एक साहेब घोड्यावर बसून कापूस पाहायला आला. वेचणी चालू होती. दहा-बारा बाया कमरेला झोळ बांधून शेतात वाकलेल्या होत्या. साहेबानं दुभाष्याकरवी विचारलं, "हा कापूस कोण पिकवतं?"

जानरावनं फेटा सारखा केला. "मी, साहेब."

मनकर्णाबाई, वेचणाऱ्यांतली सगळ्यांत वडील बाई, वर न पाहताच म्हणाली, "हाओ. आमी त अथी हवा खाले आलो." बाया झोळात तोंड खुपसून हसल्या. साहेबाला दुभाष्यानं ते सांगितलं नाही. जयवंताही हसली. पण तिचं लक्ष साहेबाच्या घोड्याकडं होतं. घोडा ज्या वाटेनं आला होता, ती वाट पुढं वलगावावरून जात होती.

वलगाव म्हणजे जयवंताचं माहेर.

तिथं पेढी नदीच्या अंगाला तिच्या माहेरचं घर होतं आणि परसात एक विहीर होती. विहिरीत विशेष काही नव्हतं. पाणी होतं, आणि ते गोड होतं. पण ज्या बाईला लोणटेकला दिलं तिला विचारावं, गोड पाणी म्हणजे काय. लोणटेकची जमीन काळी, लोण्यासारखी, पण जमिनीखालचं पाणी मचूळ. जयवंता लग्न होऊन आली त्या दिवशी सासूनं तिला तांब्या दिला. पहिला घोट तोंडात घेताच तिला वाटलं, नणंदांनी थट्टा म्हणून मीठ टाकलं. थुंकावं तर नवी नवरी, गिळावं तर गिळवेना. गाल फुगवून ती तशीच बसून राहिली, आणि सासू शेजारणीला सांगत होती, "सून लय शांत भेटली." पुढं सासू गेली, नणंदा आपापल्या घरी गेल्या, शकुन नावाची मुलगी झाली, ती चालायला बोलायला लागली. पाणी तेवढं तसंच राहिलं. तुरीची डाळ सकाळी चुलीवर चढवावी आणि दुपारी बघावी, तर दाणा तसाच टणक, डोळे वटारून बघतोय.

शेतात वाकून वाकून पाठ भरून आली की जयवंता डोळे मिटायची आणि तिला पोहऱ्याची खळबळ ऐकू यायची. विहिरीच्या काठावर आई उभी असायची, पदर खोचलेला. आई म्हणायची, "पी माय, उभ्यानं नको पिऊ." इतकंच. त्याच्यापुढं काही घडायचं नाही. मग मनकर्णाबाई ओरडायची, "जयवंते, तास सुटलं तुझं," आणि ती डोळे उघडून आपल्या ओळीतल्या पुढच्या बोंडाला हात घालायची.

या आठवणीला मिठासारखं झोंबणारं आणखी एक होतं. लोणटेकच्या काय, साऱ्या दर्यापुराकडच्या बंड्या अमरावतीला जायच्या त्या वलगावावरूनच. बैल सोडायचा मुक्काम पेढीच्या काठी. म्हणजे जयवंतानं वेचलेला कापूस दर साली तिच्या माहेरी जायचा, तिच्या आईच्या दारावरून जायचा, आणि जयवंता लोणटेकात. जानरावचा चुलतभाऊ शालिकराम बंडी हाकायचा. तो परत आला की ती पाणी देताना विचारायची, "दिसली का माय?"

"दिसली न. बंडी थांबली का तुही माय येते. बोजाच्या तोंडातून मूठभर कापूस ओढते, उलटा पालटा करते, अन् म्हनते, हा माह्या जयूनं वेचला. एक पाती नाई त्याच्यात."

"अन् मंग?"

"मंग काय, मूठ पदरात बांधते न जाते. जानराव म्हनते का सासूबाई दर साली आपला माल चोरते."

तेवढ्यावर जयवंताचे चार दिवस जायचे.

आता प्रश्न असा, की बाई दिवाळीला माहेरी जाते, भाऊ मुराळी होऊन न्यायला येतो, ही काही नवलाची गोष्ट नाही. चंद्रभान, जयवंताचा भाऊ, येतही होता. पण कापसाला भाव चढल्यापासून तो तीनदा आला आणि तीनदा रिकाम्या हातानं गेला. त्याचं कारण सीतादही.

कापूस फुटायला लागला की शेताची मालकीण दहीभात घेऊन शेतात जाते. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कोपऱ्यावरची कापसाची एक जोमदार पऱ्हाटी निवडायची, तिच्या बुडाशी दहीभात ठेवायचा, हळदकुंकू वाहायचं, पहिलं फुटलेलं बोंड वेचून त्याचा धागा काढून झाडाभोवती गुंडाळायचा. त्याला सीतादही म्हणतात. ते झाल्याशिवाय वेचणारी बाई शेतात पाऊल घालत नाही. इथपर्यंत सगळ्या गावांत सारखंच. लोणटेकात मात्र वर एक गाठ जास्त होती. ज्याच्या हातानं सीतादही पडलं, त्याला शेतानं धरलं. शेवटचा वेचा होईस्तोवर त्यानं वेचत राहायचं आणि गावाची शीव ओलांडायची नाही. ओलांडली तर शेताची बरकत त्याच्या मागोमाग निघून जाते.

पहिल्या साली जानरावच्या मनात काही नव्हतं. कापूस लवकर फुटला, जयवंतानं दही घातलं, आणि चार दिवसांनी चंद्रभान आला. "एवढा हंगाम सरू दे," जानराव म्हणाला. जयवंताला थोडा अभिमानच वाटला. आपल्यावाचून अडतं, असं त्या घरात पहिल्यांदाच कुणी म्हणालं होतं. तिनं भावाला ओवाळलं, शिदोरी दिली आणि शिवेपर्यंत पोचवलं. शिवेचा दगड आला तिथं ती थांबली.

दुसऱ्या साली जानरावला युक्ती सापडली. दिवाळीच्या आधी आठवडाभर त्यानं स्वतःहून दह्याची आठवण केली. जयवंता शेतात गेली तर मोजकीच बोंडं फुटलेली. तरी तिनं घातलं. नवऱ्यानं कधी नव्हे ते शेताच्या पूजेचं मनावर घेतलं म्हणून तिला बरं वाटलं. चंद्रभान आल्यावर जानरावनं हात झटकले.

"मी का करू, पाव्हणे? शेतानं धरलं तिले."

"दुसऱ्या कोनी घालाचं न दही," चंद्रभान म्हणाला. त्याची मान लाल झाली होती.

"कोनीई घालावं. शेत का मानूस पाहून धरते? जो घालीन त्याले धरते. यंदा हिनं घातलं."

ओसरीवर मनकर्णाबाई सूप घेऊन बसली होती. तिनं हे ऐकलं आणि ऐकून ठेवलं. ती बाई ऐकलेलं फेकत नसे.

तिसऱ्या साली तर जानरावनं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच विरजणाचं भांडं स्वतः उचलून आणलं. जयवंतानं त्याच्याकडं बघितलं. त्यानं छपराकडं बघितलं. मग तिला सगळं समजलं, गेल्या सालचंसुद्धा. पण विरजण लागलेलं होतं, भात शिजला होता, आणि शेताशी भांडण काढावं इतकी ती शेतावर रागावलेली नव्हती. शेत तिनं पेरलं होतं. ती गेली आणि हिरव्या बोंडांच्या पऱ्हाटीपुढं दहीभात ठेवून आली. झाडाला गुंडाळायला धागा निघेल एवढाही कापूस फुटला नव्हता. तिनं पदराचा दोरा काढून गुंडाळला.

त्या दिवाळीला चंद्रभान ओसरीवर चढलाच नाही. अंगणात उभ्यानं त्यानं खांद्यावरचा भोपळा उतरवला. आत पोकळ करून वाळवलेला, तोंडाला लाकडाची गुडदी लावलेला भोपळा.

"मायनं हिरीचं पानी धाडलं," तो म्हणाला. "म्हने, पोरीले येऊ नाई देत त पान्याले तरी जाऊ दे."

"माय कशी हाये?"

"हाये. डोळ्यानं कमी दिसते. बंडीच्या घंट्या आयकल्या का अजून जाते रस्त्यावर." मग त्यानं शकुनच्या डोक्यावर हात ठेवला आणि जानरावकडं न बघता म्हणाला, "येतो मी, जवाईबुवा. तुमचं शेत संभाळा."

जयवंतानं गुडदी काढली आणि एक घोट घेतला. एकच. तो तिनं तोंडात धरून ठेवला, लग्नाच्या दिवशी धरला होता तसा. त्या दिवशी गिळवत नव्हता म्हणून, आणि आज गिळला की संपेल म्हणून. मग उरलेल्या पाण्यात तिनं तुरीची डाळ शिजवली. डाळ बघता बघता विरघळली. पळी फिरवावी तर लोण्यातून फिरतेय.

जानरावनं पहिला घास घेतला आणि थांबला. "आज डाळ अशी कशी झाली?"

"वलगावचं पानी."

त्यानं आणखी डाळ घेतली, मग आणखी घेतली, भांडं पुसून काढलं. बोटं चाटून झाल्यावर बराच वेळ रिकाम्या ताटाकडं बघत बसला. जयवंताला वाटलं, आता हा काहीतरी म्हणेल. तो उठला आणि बैलांना कडबा टाकायला गेला.

पुढच्या उन्हाळ्यात अमेरिकेतली लढाई मिटली. तिथल्या लोकांनी लोणटेकला न विचारता समेट केला, याचं पाराला फार वाईट वाटलं. भाव असे उतरले की अमरावतीचे दलाल जानरावला ओळखेनासे झाले. ज्यांनी बैलांच्या गळ्यात नव्या पितळी घंटा बांधल्या होत्या त्यांना आता त्यांचा आवाज मोठा वाटायला लागला. पेरणी झाली, कारण पाऊस पडला की वऱ्हाडातला माणूस पेरतोच, पण जानरावचा जीव शेतातून निघून गेला होता. दसरा झाला तसा तो म्हणाला,

"अवं, यंदा दही नको घालू. जाय माहेरले. पाह्यजे तेवढं राह्य."

जयवंता चुलीपुढं होती. हे शब्द ऐकायला ती तीन दिवाळ्या थांबली होती, आणि आले तेव्हा ते असे आले, फाटकं पोतं कोपऱ्यात टाकावं तसे. कापसाला भाव होता तेव्हा तिचे हात लागत होते. भाव गेला आणि हात मोकळे झाले. तिला आनंद व्हायला हवा होता. तिनं थोडा वेळ वाट बघितली. आनंद काही आला नाही.

"बरं," ती म्हणाली.

ती मुराळ्याची वाट बघायला लागली. दिवाळी आली, चंद्रभान आला नाही. धनतेरस गेली, पाडवा गेला. भाऊबीजेला तिनं ताट तयार केलं, दिवा लावला, आणि दार उघडं ठेवून बसली. तीनदा परत पाठवलेला माणूस चौथ्यांदा कशाला येईल? चूक कुणाचीच म्हणता येत नव्हती, आणि न्यायला कुणी आल्याशिवाय बाईनं माहेरी जायची रीत नव्हती. शकुन म्हणाली, "माय, मामा नाई येत त दिवा विझव न." जयवंतानं दिव्यात तेल घातलं.

इकडं शेत फुटलं. असं फुटलं की मनकर्णाबाईनंही असं कधी पाहिलं नव्हतं. धुऱ्यावर उभं राहिलं की डोळे दिपावे, काळ्या रानावर पांढरंच पांढरं. भाव असो नसो, पऱ्हाटीला कुणी सांगितलं नव्हतं. वेचणाऱ्या बाया सकाळी झोळ घेऊन आल्या आणि धुऱ्यावर बसल्या. सीतादही पडलं नव्हतं. एकीनंही आत पाऊल टाकलं नाही. दुसऱ्या दिवशीही आल्या, बसल्या, तंबाखू मळली आणि घरी गेल्या. वारा सुटला की फुटलेला कापूस बोंडातून लोंबायचा आणि तुटून मातीत पडायचा.

जानरावनं दोन दिवस मिशी ओढली. मग त्यानं स्वतः दोन गड्यांना घेऊन वेचायचं ठरवलं. भर दुपारी, वाळलेला पाला कडकडीत असताना शिरले. संध्याकाळी जे झोळात जमलं, त्यात कापूस किती आणि पाल्याचा चुरा किती, ते गायीलाच विचारावं लागलं असतं. गडी दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. म्हणाले, हे बायांचं काम, आमच्यानं नाई होत. जानराव घरी आला. जयवंता दळत होती.

"अवं," तो म्हणाला, "दही घाल ना."

जातं थांबलं नाही.

"भाव नाई त नाई, पन कापूस मातीत चालला. शेवटी आपलंच शेत हाये न वं. बाया आयकत नाई. तुह्या हातावाचून शेत उघडत नाई म्हनतात."

जातं थांबलं. वर्षानुवर्षं जे ऐकायचं होतं ते हेच होतं, आणि जानरावनं ते बायांच्या नावावर सांगून टाकलं होतं. तरी सांगितलं होतं. जयवंतानं पीठ भरून घेतलं, हात झटकले.

"सकाळी शेतात या," ती म्हणाली. "डोक्सं धुऊन या."

सकाळी दव होतं. बाया धुऱ्यावर बसल्या होत्या. जयवंता डोक्यावर दहीभाताचं भांडं घेऊन आली, मागं जानराव. कोपऱ्यावरच्या जोमदार पऱ्हाटीजवळ ती थांबली, भांडं उतरवलं आणि नवऱ्यापुढं धरलं.

"घ्या. ठेवा बुडाशी."

जानरावला वाटलं, तिला वाकवत नसेल. त्यानं भांडं हातात घेतलं. मग बायांकडं बघितलं, मग भांड्याकडं.

"मी? मी कावून?"

"शेतानं यंदा तुमाले धरू द्या."

"अवं, मानसानं कधी सीतादही घातलं का?"

मनकर्णाबाई उठली. दोन वर्षांपूर्वी ओसरीवर बसून जपून ठेवलेलं तिनं आता पदरातून काढलं. "जानरावभाऊ, शेत का मानूस पाहून धरते? जो घालीन त्याले धरते. चंद्रभानपुढं म्हनलं तुमी. मी आयकलं, मायंबाई."

"पन मंग बंडीसंगं अमरावतीले कोन जाईन?" जानराव म्हणाला. त्याचा आवाज केविलवाणा झाला होता. बाजारात फेटा बांधून शिरणं, दलालांनी नाव घेणं, हाच त्याचा साऱ्या वर्षातला आनंद होता. "शिवेपार नाई जाता येत."

"नाई येत," जयवंता म्हणाली. "मले ठाऊक हाये."

तिनं हे टोमण्यानं म्हटलं नाही. वाऱ्यानं समोरच्या झाडावरचं बोंड निखळलं आणि मातीत पडलं. जानरावनं ते उचललं, फुंकर मारली. मग खाली बसला. दहीभात पऱ्हाटीच्या बुडाशी ठेवला, जयवंतानं दाखवलं तशी हळद वाहिली, पहिलं बोंड वेचलं. धागा काढताना तो तीनदा तुटला. चौथ्यांदा जयवंतानं त्याच्या हातावर हात ठेवून पीळ दिला.

बाया झोळ बांधून शेतात उतरल्या. मनकर्णाबाईनं जानरावला पहिलं तास दिलं आणि म्हणाली, "दोनी हातानं, भाऊ. अन् बोंडाचे काटे पाहून."

त्याच दिवशी जयवंता निघाली. मुराळी नव्हता, तर नव्हता. शालिकराम सरकी घेऊन त्या बाजूला जात होता, त्याच्या बंडीत शकुनला घेऊन बसली. शिवेचा दगड आला तेव्हा तिनं मागं पाहिलं. दगडाशी पोचवायला कुणी आलं नव्हतं. पांढऱ्या रानात एक लाल फेटा वाकलेला दिसत होता, फार हळू सरकत होता.

वलगावला पोचली तेव्हा आई दारात होती. बंडीच्या घंटा ऐकून आलेली. तिनं सवयीनं बंडीच्या कठड्यावर हात फिरवला, बोजा शोधत. कापूस लागला नाही, माणूस लागलं.

"कोन?"

"मी हाओ, माय."

आईनं तिचे खांदे चाचपले, मग हात, मग बोटं. "चंद्रभानले मीच नको म्हनलं," ती म्हणाली. "म्हनलं, तिचं शेत तिले सोडत नाई, कावून जातो उगा. मले वाटलं पोरगी मोठी झाली, मायले इसरली." मग शकुनचा चेहरा दोन्ही हातात धरून बराच वेळ तिला डोळ्यांजवळ आणून बघत राहिली. लहानपणी पाहिलेलं तोंड शोधत होती.

चंद्रभाननं विहिरीतून पोहरा ओढला. खळबळ झाली, अगदी तीच. आई म्हणाली, "पी माय, उभ्यानं नको पिऊ." जयवंता बसली, तांब्या तोंडाला लावला.

पाणी फिकं लागलं.

तिनं दुसरा घोट घेतला. गार होतं, स्वच्छ होतं, आणि त्यात काहीच नव्हतं. इतकी वर्षं शेतात डोळे मिटून ती जे पाणी प्यायली होती ते हे नव्हतं, किंवा हेच होतं आणि तिची जीभ दुसऱ्या गावची झाली होती. तिनं सगळा तांब्या संपवला. चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. आईला दिसतं कमी, याचं त्या क्षणी तिला बरं वाटलं.

पहिले दिवस तिला काय करावं कळेना. पहाटे हात आपोआप झोळ शोधायचे. दव पडलेलं दिसलं की वाटायचं, आता पाला ओला आहे, आता वेचलं तर चुरा लागणार नाही, ते माणूस उठलं असेल का? माहेरी बसून तिला सासरची आठवण यायला लागली, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती. चार वर्षं जिच्यासाठी तळमळली त्या अंगणात बसून दर्यापूरच्या दिशेनं बघणारी बाई पाहून लोक काय म्हणाले असते? ती शकुनच्या वेण्या घालायची. एका सकाळी दोनदा घातल्या.

मग एके दुपारी घंटा वाजल्या. शालिकरामची बंडी, बोजे भरलेली. आई काठी टेकत रस्त्यावर गेली, बोजाच्या तोंडातून मूठभर कापूस ओढला, बोटांनी चाचपला, आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हा कोनं वेचला?"

"जवायानं," शालिकराम म्हणाला.

आईनं तो कापूस जयवंताच्या पदरात टाकला. पाती, कुसं, पाल्याचा चुरा, आणि एका पुंजक्यावर तांबूस डाग. बोंडाच्या काट्यानं बोट फाटतं त्याचा डाग. जयवंतानं ओळखला, तिच्या पहिल्या वर्षीच्या कापसावर असे पुष्कळ होते. आई हसायला लागली, मग जयवंताही. हसता हसता तिनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं.

"काही सांगतलं का त्यायनं?" तिनं विचारलं.

शालिकराम बैलांना पाणी दाखवत होता. "सांगतलं न. म्हने, धुऱ्याकडचं तास संपलं. मधल्या तासातल्या पऱ्हाट्या वाकल्या हायेत. त्या आदी वेचू का मांगून, इचारजो म्हने तिले."

जयवंता ओसरीच्या पायरीवर बसली. जानरावनं आजवर तिला पुष्कळ सांगितलं होतं. विचारलं असं काही आठवत नव्हतं.

"आदी," ती म्हणाली. "वाकलेल्या आदी. मातीले टेकल्या त डाग पडते. सांगजो, सकाळीच वेचा, दव हाये तवर."

शालिकराम अमरावतीला गेला. परत येईपर्यंत तिनं तो मूठभर कापूस निवडला. एकेक पाती, एकेक कूस, नखानं उचलून. डागाचा पुंजका तिनं काढून टाकला नाही. बंडी परतीला आली तेव्हा शालिकराम जरा ताठ बसला होता. बाजारात दलालांनी विचारलं होतं, हा कचरा कुणाचा, आणि त्याला जानरावचं नाव सांगवेना. "माहाच म्हनलं," तो म्हणाला. "आता साऱ्या अमरावतीत शालिकरामचा कापूस म्हनून बदनाम झाला."

कोपऱ्यात तो भोपळा पडला होता, गेल्या साली शालिकरामनं रिकामा परत आणून दिला होता तो. जयवंतानं तो धुतला, विहिरीतून भरला, गुडदी घट्ट बसवली आणि बंडीत गवतावर ठेवला.

"डाळ शिजवाले सांगजो," ती म्हणाली. आई कठड्याला धरून शेजारीच उभी होती. "प्याले नाई. प्याले फिकं लागते त्यायले."

बंडी पेढीच्या उतारावरून खाली गेली. जयवंता परत येऊन ओसरीवर बसली. आई आतून तांब्या घेऊन आली, नेहमीसारखा. जयवंतानं घोट घेतला आणि थांबली. पाण्याला बारीकशी खारट चव होती. मिठाचा एखादा खडा पडावा तेवढी.

तिनं आईकडं बघितलं. आई शकुनच्या केसांतून हात फिरवत रस्त्याकडं तोंड करून बसली होती.

"येशीन न पुढच्या साली?" आई म्हणाली.

"येईन," जयवंता म्हणाली, आणि तांब्या शेवटपर्यंत प्यायली, बसूनच.